चौथा कोपरा

जाहेदाभाभी माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्या हातात आधार कार्ड नव्हतं, याचंच मला आधी नवल वाटलं. शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म. इथे येणाऱ्याच्या हातात आधार असतंच, नसलं तर मी दारातूनच परत पाठवते. लोक म्हणतात, आशाताईची जीभ तिखट आहे. आहेच. दिवसाकाठी साठ माणसं येतात, त्यातल्या चाळिसांना स्वतःच्या पोरीची जन्मतारीख आठवत नाही. मग गोड गोड बोलायचं तरी किती?

भाभीच्या हातात रजई होती. तान्ह्या बाळाची, पिवळ्या फुलांची, एवढीशी. तिने ती सरळ माझ्या कीबोर्डवर ठेवली.

"आशा, हाई मोबाईलवर इकता यी का?"

"कोनले?"

"तेच तर तुले इचारी ऱ्हायनू."

जाहेदाभाभी आणि अनीसभाऊ म्हणजे खेतिया रोडच्या गल्लीतले पिंजारी. अनीसभाऊ मशीनवर रुई पिंजतात, भाभी ती खोळीत भरून दोरे घालते. आमच्या घरातली प्रत्येक रजई त्यांच्याच हातची. पण आता स्टँडबाहेर हातगाडीवर चकचकीत पिशवीतली ब्लँकेटं मिळतात, बादलीत बुडवली की धुऊन निघतात. रुई पिंजून घ्यायला कोण येणार? मागच्या हिवाळ्यात त्यांचं मशीन मोजून अकरा दिवस चाललं.

अनीसभाऊंनी ठरवून टाकलं होतं. या थंडीत मशीनला काम लागलं तर ठीक, नाहीतर संक्रांतीनंतर ते चुनीलाल भंगारवाल्याला देऊन टाकायचं आणि सुरतेला मेव्हण्याच्या कारखान्यात राखणदार म्हणून जायचं. चुनीलाल येऊन मशीन बघूनही गेला होता.

"हात लायी लायी दखे," भाभी म्हणाली, "जसं काय बोकड लेवाले उना." मग म्हणाली, "त्यासले नुसतं खुर्चीवर बसता येवाव नही, आशा. तठे जाईसन ते आजारी पडतीन."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. तोवर मी ऑनलाइन फक्त वस्तू घेतल्या होत्या, विकलं काहीच नव्हतं. विकायचं म्हणजे घ्यायचं त्याच्या उलट, त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं.

ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीचा फॉर्म उघडला आणि पंधरा वर्षं फॉर्म भरलेले माझे हात जागच्या जागी थांबले. एका पानावर जावं तर ते दुसऱ्या पानाचं काहीतरी मागे, आणि दुसरं पान पहिलं पूर्ण झाल्याशिवाय उघडेना.

"ब्रँडचं नाव?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"म्हंजे तुन्ही रजईले काय म्हनतस?"

"रजई."

"मूळ ठिकाण?"

"मन्हं? म्हसावद."

"तुन्हं नही वं, मालनं."

"रुई आठलीच. कापड सुरतनं. दोरा कोठला ते दुकानदारले इचारनं पडी."

"किती दिवस टिकी?"

भाभी हसली. "मन्ही सासूनी रजई अजून शे. सासू नही."

मग रद्द केलेला चेक हवा होता. अनीसभाऊंनी जन्मात एकही चेक लिहिला नव्हता. पहिलाच चेक घ्यायचा आणि त्याच्यावर काट मारायची, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी इतक्या हलक्या हाताने रेघ ओढली की कंपनीने 'चेक रद्द केलेला दिसत नाही' म्हणून परत पाठवला. फोटोचं तर विचारूच नका. पार्श्वभूमी पांढरी शुभ्र हवी अशी अट. भाभीने भिंतीवर पांढरी चादर टांगली आणि तिच्यापुढे तिची सगळ्यात सुंदर रजई धरली, ती नेमकी पांढरी. कंपनी म्हणाली, वस्तू दिसत नाही. मग पिवळी धरली तर म्हणाली, वस्तूची सावली पडली आहे.

"सावली नही आशी चीज कोनती ऱ्हास?" अनीसभाऊंनी मला विचारलं. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मोठ्या रजया तर बादच झाल्या. कंपनी पोचवायचे पैसे वजनावर नाही, आकारावर लावते. भाभीची मोठी रजई मी आणि अनीसभाऊंनी मिळून दाबली, मी वर बसले, तरी खोक्यात जाईना. फुगलेल्या रजईचा पोचवायचा खर्च रजईपेक्षा जास्त निघाला.

"फुगाले पाहिजे म्हनीसनच तं पिंजतस आम्ही," अनीसभाऊ म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

म्हणून उरल्या त्या बाळाच्या रजया. त्यांच्यासाठीही फॉर्ममध्ये प्रश्न होता, मुलासाठी की मुलीसाठी.

"रजई तं पोर व्हवाना आगोदर भरतस," भाभी म्हणाली. "पोटमा काय शे ते मी कशी सांगू?" शोधून शोधून मला तिसरा पर्याय सापडला, 'दोन्ही'. त्या दिवशी आम्हाला मिळालेलं तेवढंच सरळ उत्तर.

दिवाळीनंतर आठवड्याने भाभीचं ऑनलाइन दुकान सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी ऑर्डर आली. पुण्याहून. मी ओरडलेच. भाभी मात्र गोंधळून बघत राहिली.

"कोन शे?"

नाव आणि पत्ता कंपनी आपल्याला दाखवत नाही, फक्त गावाचं नाव आणि बारा आकडी नंबर दाखवते, हे मी तिला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावून गेली.

"कोना घर जाई ऱ्हायनी ते माहीत नही," भाभी हळूच म्हणाली, "आन मी रजई दी टाकू?"

"हां, दी टाक."

तिने दिली. कुरिअरचा हेमकांत दुचाकीवर आला, खोक्यावरच्या पट्टीवर मोबाईल धरून टिक केलं आणि घेऊन गेला. त्या आठवड्यात सहा रजया गेल्या. रजया भाभी घरीच गुंडाळून खोक्यात भरायची. मी फक्त पत्त्याचा कागद काढून द्यायचे, तोही अर्धा झाकलेला.

नवव्या दिवशी हेमकांत एक खोकं परत घेऊन आला. कारण, माल सदोष. दोन दिवसांनी दुसरं, अर्धवट शिवलेला माल. तिसऱ्याबरोबर तर एकच तारा आणि खाली चार ओळी. बाळाच्या वस्तूत सुई निघाली, ही कसली माणसं आहेत, यांना पोलिसात द्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिन्ही खोकी काखोटीला मारून मी भरदुपारी गल्लीत गेले. भाभी ओट्यावर बसून दोरे घालत होती. मी खोकं फोडून रजई तिच्यापुढे उलगडली. तीन कोपरे शिवलेले, चौथा सताड उघडा, आणि त्या उघड्या कोपऱ्यात दोरा ओवलेली सुई खोचलेली.

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, मला हे माहीत होतं! आमच्या घरच्या सगळ्या रजया अशाच आल्या होत्या. अनीसभाऊंच्या घरची रीत आहे ती, त्यांच्या आजीपासूनची. रजई द्यायची ती एक कोपरा उघडा ठेवून. नेणाऱ्या घराने आपल्या हाताने मूठभर काहीतरी आत घालायचं, रुई, जुन्या लुगड्याची चिंधी, काहीही, आणि कोपरा शिवायचा. माझी आई त्याच ओट्यावर बसून शिवायची आणि चहा पिऊन घरी यायची. शहाद्यात कुणालाही यात सांगण्यासारखं काही वाटत नाही, म्हणून भाभीने मला सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

"भाभी, चौथा कोपरा बी शिव. आजपासून," मी म्हटलं.

"तो मी कशी शिवू? तो मन्हा नही."

"मंग कोना शे?"

"ज्यानं घर रजई जाई त्याना." तिने सुई खाली ठेवली. "कोपरा उघडा शे तवलोंग रजई आमनी. नही आवडनी तं परत ली या, आम्ही काहीच म्हनाव नही. कोपरा शिवा का रजई त्या घरनी. मंग आम्ही ती परतबी लेत नही आन दुसराले बी देत नही. मन्ही सासूनी हातमा हात लिसन सांगेल शे."

ही तर कंपनीचीच अट होती. न वापरलेला माल परत, वापरलेला नाही. फक्त या बाईच्या सासूने ती कागदावर न लिहिता कापडात शिवून ठेवली होती, आणि पुण्याच्या माणसाला तिथे भोक दिसलं.

पण कंपनीचं पत्रही येऊन पडलं होतं. नव्या दुकानाच्या पहिल्या साठ दिवसांत चार रजया परत आल्या तर दुकान नव्वद दिवस बंद. तीन आल्याच होत्या. नव्वद दिवसांनी शहाद्यात उन्हाळा असतो, रजईचं नाव कोण घेणार? आणि चुनीलाल तर संक्रांत झाली की लगेच दारात उभा राहणार होता. मी ओरडले, भाभी रडली. अनीसभाऊंनी मशीन बंद करून बाहेर येऊन दोघींकडे बघितलं आणि पुन्हा आत जाऊन मशीन सुरू केलं.

शेवटी तोडगा निघाला तो असा. सुई रजईत खोचायची नाही, पुठ्ठ्यावर टोचून वेगळ्या पिशवीत घालायची. आणि मी एक चिठ्ठी छापून देणार, मराठीत आणि हिंदीत. 'हा कोपरा मुद्दाम उघडा ठेवला आहे. तुमच्या घरातलं मूठभर काहीही मऊ आत घाला आणि शिवून टाका. मग ही रजई तुमची झाली.' एवढंच. भाभीला मी ती वाचून दाखवली. तिने 'बरं शे' म्हटलं, पण माणसाच्या ऐवजी कागद बोलणार हे काही तिच्या गळी उतरलं नाही.

आणि काय सांगू, चिठ्ठी चालली. चौदा रजया गेल्या, एकही परत आली नाही. सांगलीच्या कुणीतरी लिहिलं, आजोबांच्या जुन्या सदऱ्याचा खिसा आत घातला आणि आजीने शिवलं. भाभीने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी चिडलेसुद्धा नाही. गल्लीत पुन्हा रुईचे कण उडायला लागले. अनीसभाऊ संध्याकाळी माझ्या दुकानावरून जाताना डोक्यावर पांढरं घेऊन जायचे आणि मुद्दाम झटकायचे नाहीत. चुनीलालचा फोन आला तेव्हा ते त्याला म्हणाले, थांब जरा. साठ दिवस संपायला सहा दिवस राहिले होते.

त्या मंगळवारी दुपारी चार वाजता हेमकांत आला आणि त्याने खोकं टेबलावर ठेवलं.

"परत," तो म्हणाला. माझा चेहरा बघून तो पाणीसुद्धा न मागता निघून गेला.

चौथी. मी खोकं फाडलं. पिवळ्या फुलांची रजई होती, नीट घडी घातलेली. मी आधी कोपरे बघितले. चारही शिवलेले! चौथा निळ्या दोऱ्याने शिवला होता, लहान लहान, थोड्या वाकड्या टाक्यांनी. हा काही भाभीचा हात नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. रजई वापरली होती! वापरलेला माल परत केला तर विक्रेत्याला दावा करता येतो. चोवीस तासांत फोटो टाकून सिद्ध करायचं. दावा मंजूर झाला की ती परत मोजलीच जात नाही, गिऱ्हाइकाचे पैसे अडतात आणि माल त्याच्याच पत्त्यावर पुन्हा जातो. कंपनीचा कायदा आणि भाभीच्या सासूचा कायदा आज पहिल्यांदा एक झाले होते. मी निळ्या टाक्यांचे पाच फोटो काढले आणि दाव्याचा फॉर्म भरायला घेतला. एक रकाना सक्तीचा होता. 'ग्राहकाचा हेतू'. त्यात दोनच पर्याय, निष्काळजीपणा किंवा फसवणूक. मी बेधडक फसवणूक निवडलं. पंचवीस दिवस वापरायची आणि मग परत पाठवायची, याला दुसरं काय म्हणायचं?

फक्त ओटीपी भाभीच्या मोबाईलवर जाणार होता आणि भाभी होती म्हसावदला, माहेरी, लग्नात. तिथल्या बँडच्या आवाजात तिला फोन ऐकू जाईना. शेवटी भावजयीकडे निरोप ठेवला, उद्या तीनच्या आत दुकानात ये.

बुधवारी ती तीन वाजता आली, लग्नातल्याच साडीत. दुकानात चार-पाच माणसं होती. मी तिला आत, माझ्या शेजारच्या स्टुलावर घेतलं, ओटीपी विचारला, टाकला. आता फक्त 'सादर करा' हे बटण राहिलं होतं. मग मी आनंदाने तिला सगळं सांगितलं आणि रजई तिच्या मांडीवर ठेवली.

तिने आधी टाके बघितले.

"हातले सवय नही तिले," ती म्हणाली. "पन जीव लायीसन शिवेल शे. दख, एक टाका सुटना तं उसवीसन परत घालेल शे."

मग तिने तो कोपरा चिमटीत धरला आणि बोटांनी चाचपायला लागली. आयुष्यभर रुई चाचपलेली बोटं ती. कापड न उघडता आत काय आहे ते तिला कळतं.

"रुई नही हाई," ती म्हणाली. "लोकर शे. इनेल शे." बोटं थोडी पुढे सरकली. "बटन शे. एक. दोन. तीन." मग ती थांबली. "हाई तं झबलं शे, आशा. पुरं झबलं. घडी करीसन घालेल शे."

"ऱ्हाऊ दे ना, मूठभर काहीही घाला आसं आपीनच लिखेल शे."

"जुनं घालतस, फाटेल घालतस. हाई नवं शे. आंगमा घालेल नही." तिने माझ्याकडे बघितलं. "परत कसाले धाडी? कारन काय लिखेल शे?"

मी ते वाचलंच नव्हतं. निळे टाके दिसल्यावर मला कारणाची गरजच वाटली नव्हती. मी पान मागे नेलं. एकच ओळ होती.

"आता गरज उरली नाही," मी वाचलं.

बाहेर स्टँडवर धडगावची गाडी लागल्याची घोषणा होत होती. भाभीने रजई मांडीवर नीट केली, चारी बाजूंनी.

"आसं काही नशी भाभी," मी म्हटलं. "पोर मोठं व्हई गयं व्हई."

"पंचवीस दिनमा?"

"नहीतं दुसरी रजई कोनी भेट दिन्ही व्हई. नहीतं घर बदलं व्हई." मी बोलत सुटले. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं, आजही नाही. नागपूर आणि एक बारा आकडी नंबर, एवढीच त्या घराची मला ओळख. कुणाचं मूल, कोण बाई, की बाप, की आजी, कुणी शिवलं, कुणी परत पाठवलं, शिवणाऱ्याला ते ठाऊक तरी होतं का? कुणी घरातल्याने, ही वस्तू नजरेसमोर नको म्हणून, गुपचूप खोक्यात घातली असेल. की मी आणि भाभीनेच तीन बटणांवरून सगळं रचलं? मला काही म्हणजे काही कळेना. आणि घड्याळात साडेतीन वाजले होते.

"तिना पत्ता दे," भाभी म्हणाली.

"पत्ता देत नही कंपनी."

"मंग फोन लायी दे."

"फोन बी नही."

"काही तं सांगता यी ना तिले?"

मी निरोपाची खिडकी उघडली. तिथे कंपनीने आधीच लिहून ठेवलेली वाक्यं होती, त्यातलंच एक निवडायचं. मी एकेक वाचून दाखवलं. तुमची ऑर्डर निघाली आहे. आमच्या नव्या वस्तू बघा. कृपया पाच तारे द्या.

भाभी शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग म्हणाली, "यामा 'बेन, कशी शेस' आसं नही का?"

"नही," मी म्हटलं, आणि मला माझ्या दुकानाचा, त्या स्क्रीनचा, सगळ्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या याच खुर्चीवरून मी जन्माचे दाखले काढते आणि मृत्यूचेही. रकाने जवळजवळ सारखेच असतात. आजवर मी एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं, नाव सांगा, तारीख सांगा, पुढचा.

भाभीने पदराने तोंड पुसलं. तिचा विचार पक्का झालेला दिसला.

"तो दावा कया तं रजई कोठे जाई?"

"तिनाकडेच परत."

"आन दुकान?"

"चालू राही."

"मंग कर, आशा." तिने रजई माझ्याकडे सरकवली. "कोपरा शिवेल शे, ती आते तिनी शे. आठे ठेवनं बराबर नही. तिनी चीज तिना जोडे जाऊ दे. आन यासनं मशीन बी वाची. दोन्ही व्हई जाई."

बारा मिनिटं राहिली होती. मी स्क्रीनकडे वळले. भाभीला उर्दू वाचता येतं, इंग्रजी येत नाही. बटणाच्या वर, दावा मंजूर झाल्यावर ग्राहकाला जो निरोप जाईल तो इंग्रजीत दिसत होता. तुम्ही वापरलेली वस्तू फसवणुकीच्या हेतूने परत केल्याचे सिद्ध झाले आहे, तुमचे पैसे परत मिळणार नाहीत. आणि या निरोपाच्या मागोमाग दारात खोकं येणार, खोक्यात पिवळ्या फुलांची रजई, तिच्या कोपऱ्यात तीन बटणं. मी तो रकाना बदलून निष्काळजीपणा करून बघितलं. ते फसवणुकीपेक्षाही वाईट वाचलं गेलं. मी परत फसवणूक केलं. मग मला कळलं की मी नुसतीच वर-खाली करत बसले आहे.

भाभीला हे वाचून दाखवलं असतं तर तिने नको म्हटलं असतं. मग मशीन गेल्याचा दोष तिने स्वतःकडे घेतला असता, अनीसभाऊ सुरतेला खुर्चीवर बसलेले असताना रोज. आणि न दाखवता दाबलं असतं तर दुकान वाचलं असतं, तिला कधी कळलंही नसतं. माझ्यात दोन्हींची हिंमत नव्हती. माझं बोट बटणावर होतं, आणि ते खाली जाईना.

"काय व्हयनं?" भाभीने विचारलं.

"सर्व्हर डाऊन शे, भाभी," मी म्हटलं.

"मंग जरा थांबीसन कर."

"चार वाजेलोंग येवाव नही तो. तो खालेच शे आज."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे प्रिंटर घरघरला आणि त्यातून गरम गरम सातबारा बाहेर आला. तासभर ताटकळलेले एक आजोबा काउंटरवरून हात लांब करत खुशीत म्हणाले, "उना उना, मन्हा सातबारा उना! आज काय नेट जोरमा पयी ऱ्हायनं, ताई!"

भाभीने प्रिंटरकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. मी आजोबांचा कागद उचलून त्यांच्या हातात दिला आणि मान वर केली नाही. घड्याळात चार वाजून गेले. स्क्रीनवरचा फॉर्म आपोआप मिटला आणि दुकान बंद झाल्याची पाटी आली, तीही तिने बघितली.

तिने रजई उचलली, घडी घातली आणि पोटाशी धरली.

"चुनीलालले फोन लाव," ती म्हणाली. "त्याले सांग, मशीन ली जाय. यासले मी सांगसू."

मी फोन लावला. तो पहिल्याच रिंगला लागला.